पाठ फिरवून ऐकणारी नोएलीन

सलोते आमच्याकडे कामाला लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात नोएलीनने तिच्यासाठी कीबोर्ड निवडला. मी तेव्हा त्या ऑफिसात नऊ वर्षं बसत होतो, आणि माझ्यासाठी तिने एक बटणसुद्धा निवडलं नव्हतं.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना, ह्या सेल्विनने आपली बाजू सावरून घेतली असं कुणाला वाटायला नको. मी जळत होतो. सलोतेवर जळत होतो आणि जिच्याविषयी हे लिहायला बसलो आहे त्या नोएलीनवरही जळत होतो.

वेलिंग्टनजवळ, पेटोनीला समुद्राच्या बाजूला, बूट दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस. गावोगावच्या वाचनालयांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. कुणी कुठलं पुस्तक नेलं, ते कधी परत येणार, कुणाच्या मागे कुणाचा नंबर, असलं सगळं. सात माणसं एका लांबलचक खोलीत. त्यात नोएलीन गॉविथ सगळ्यात जुनी, वय चौसष्ट, आणि सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसलेली. दक्षिणेचा वारा सुटला की ती खिडकी खडखडायची. ती जागा दुसऱ्या कुणाला नको होती, आणि तिला दुसरी नको होती.

कुणी नवीन आलं की ती पंधरा-वीस दिवस काही बोलायची नाही. मग एका सकाळी आपली खुर्ची त्या माणसाच्या टेबलाशी आणायची, त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि एक संत्रं सोलायला घ्यायची. "तू तुझं काम कर. माझ्याकडे बघू नकोस," एवढंच म्हणायची. संत्रं खाऊन होईपर्यंत ती त्याचं टायपिंग ऐकायची. मग उठून सांगायची, "तुझा डावा हात उजव्याची वाट बघतो. तू बटणं तळापर्यंत ठोकतोस. लिहितोस त्यातलं निम्मं खोडतोस." आणि एका चिठ्ठीवर लिहून द्यायची, की ह्याला कसलं बटण पाहिजे. चिठ्ठीतली भाषा तिची स्वतःची होती. 'पिकल्या टोमॅटोइतकं दबणारं.' 'दाराची कडी लागल्यासारखा आवाज, पण शेजारच्या खोलीतून.'

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि त्याच्या पोटात एक बारीक स्प्रिंग. हलकी, जड, आवाज करणारी, मुकी, शेकडो जाती आहेत. त्या मला सगळ्या माहीत होत्या. माझ्या खणात बहात्तर नमुन्यांची पेटी होती, लावायचं तेल होतं, चिमटे होते. घरी अकरा कीबोर्ड होते. ऑफिसात ह्या विषयातलं कुणाला कळत असेल तर ते मला. नोएलीनला एकाही स्विचचं नाव येत नव्हतं.

आणि तरी सगळे तिच्याकडे जायचे. तिची चिठ्ठी घेऊन मग माझ्याकडे यायचे. "नोएलीन म्हणाली सेल्विनला दाखव, त्याला नावं पाठ असतात." मी चिठ्ठी वाचायचो आणि पिकल्या टोमॅटोचं ग्रॅममध्ये रूपांतर करून द्यायचो. डॉक्टर ती आणि कंपाउंडर मी. त्यातही चीड कशाची, तर तिचा टोमॅटो दरवेळी बरोबर निघायचा.

मी तिला कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी माझा कीबोर्ड घरून पेटीतून घेऊन आलो होतो. तिने विचारलं होतं, "तुला काही लागणार आहे का?" आणि मी म्हणालो होतो, "नको, माझं मी आणलंय." आमच्याकडे माणूस 'नको' म्हणाला की त्याला पुन्हा विचारायची पद्धत नाही. ते त्याच्या कारभारात नाक खुपसल्यासारखं होतं. आणि एकदा नको म्हटलेलं नऊ वर्षांनी मागायची तर त्याहून नाही. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. नोएलीन चहा आणायला माझ्या टेबलाजवळून गेली की मी टायपिंग सुधारायचो. बोटं उंच, ठेका एकसारखा, चूक नाही. कधीतरी ती थांबेल, खुर्ची आणेल, संत्रं सोलेल, असं वाटायचं. ती म्हणायची, "छान," आणि किटलीकडे जायची.

तिचे हे कान आले कुठून, ते तिनेच एकदा सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात टायपिस्ट म्हणून लागली. चाळीस मुली एका हॉलमध्ये, चाळीस मशीन. वर प्रॉक्टर नावाच्या बाई. त्या मुलींच्या हातावर फडकं टाकायच्या, म्हणजे बटणं दिसू नयेत, आणि समोर ठेक्याचं यंत्र टिकटिकत ठेवायच्या. ह्या प्रॉक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी आपली खुर्ची तेवीस वर्षांच्या नोएलीनला दिली, तिच्या पुढच्या सतराजणींना डावलून. 

"त्या सतराजणींनी मला किती छळलं असेल, काढ अंदाज," ती म्हणाली होती. "माझ्या डब्यात मीठ काय, खुर्चीचा स्क्रू काय. मी समोर बसले की सगळ्या शहाण्यासारख्या टाइप करायच्या. म्हणून मी खुर्चीच फिरवली. पाठ केली की माणूस आपल्या हाताने टाइप करतं. पाठमोरी बसून मला कळायचं, कुणाचं लग्न मोडलंय, कुणाला ताप आहे, कोण मशीनवर प्रेमपत्र लिहितेय."

ती एकतीस वर्षांची असताना तो हॉल बंद झाला. संगणक आले आणि मुली घरी गेल्या. नोएलीनने संध्याकाळच्या वर्गात जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं. खात्याने पहिला संगणक मोडीत काढला तेव्हा त्याचा कीबोर्ड तिने कचऱ्याच्या डब्यातून उचलला. साईच्या रंगाचा, पाट्यासारखा जड, एकेक बटण दाबलं की खालून ठाम उत्तर देणारा. नवरा गेला, घर बदललं, तीन कंपन्या झाल्या, पण तो कीबोर्ड तिच्यासमोरच राहिला. तो मला हवा होता. अकराच्या अकरा देऊन टाकले असते.

आणि एका सकाळी साडेदहाच्या चहाला तिने सांगितलं की ती महिनाअखेरीला काम सोडतेय. बहिणीकडे फेदरस्टनला राहायला जाणार. डेस, आमचा मालक, चीजचा स्कोन-पाव हातात धरून तसाच उभा राहिला.

"आणि तुझा तो रणगाडा?" त्याने तिच्या कीबोर्डकडे बोट करून विचारलं. "तो नेणार?"

"बहिणीचं घर लहान आहे. ती म्हणते, त्याचा आवाज आला तर मी जाईन किंवा तो." नोएलीनने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ज्याच्या हाताला बसेल त्याला देईन. शेवटच्या आठवड्यात एकेकाने माझ्या टेबलाशी येऊन थोडं काम करून जा."

सलोते माझ्या शेजारीच उभी होती. तिशीची, ऑकलंडहून आलेली, टोंगन बेटांवरून आलेल्या घरातली, कामात माझ्याहून हुशार आणि स्वभावाने इतकी सरळ की तिच्याविषयी वाईट बोलायला कुठून सुरुवात करावी ते सापडायचं नाही. मी पुष्कळ शोधलं. सलोते म्हणाली, "मला मिळणार नाही, माझी बोटं लोण्याची आहेत," आणि नोएलीन हसली. तिच्या त्या हसण्यानेच माझा दिवस नासला.

माझी पाळी मंगळवारी होती. आधीचे दहा दिवस मी नोएलीनचा ठेका पाठ केला. तिची बोटं शब्दाच्या शेवटी किंचित थांबतात, मोकळ्या जागेचं लांब बटण ती फक्त डाव्या अंगठ्याने दाबते. मी बसलो आणि हुबेहूब तसंच टाइप केलं. ती पाठमोरी संत्रं सोलत होती. दोन फोडी झाल्यावर तिने उरलेलं संत्रं फडक्यात गुंडाळून ठेवलं.

"छान वाजवलंस," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय, चहा घे."

सलोतेची पाळी गुरुवारी होती. बुधवारी सकाळी सात वाजता मी ऑफिसात आलो. कुणी नव्हतं. सलोतेचा कीबोर्ड, नोएलीनने सांगितलेला आणि मीच नाव शोधून दिलेला, असा होता की त्यातले स्विच चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात. डाव्या हाताच्या पंधरा बटणांखालचे तिचे हलके स्विच मी काढले आणि माझ्या पेटीतले जड बसवले. वरून टोप्या परत लावल्या. बघणाऱ्याला काही कळणार नव्हतं. दिवसभरात तिचा डावा हात थकेल, ठेका बिघडेल आणि गुरुवारी ती नोएलीनसमोर अडखळेल, एवढाच माझा हिशेब होता. हात धुऊन मी जागेवर जाऊन बसलो. लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. काम सफाईदार झालं म्हणून उलट बरं वाटलं.

दहाच्या सुमाराला नोएलीनने, मागे न बघता, खोलीभर ऐकू जाईल असं विचारलं, "सलोते, डावा हात दुखतोय का गं?"

सलोते थांबली. "दुखत नाही. जरा जड वाटतोय. माझंच काहीतरी असेल."

नोएलीन उठून तिच्या टेबलाशी गेली. एका बोटाने डावीकडचं एक बटण दाबलं, मग उजवीकडचं एक. पुन्हा डावीकडचं. चहाच्या वेळी ती एका बशीत आल्याची वडी घेऊन माझ्याकडे आली.

"सेल्विन, तुला विचारायचं होतं. स्प्रिंगा जुन्या झाल्या की जड होतात का रे?"

"छे, उलट. वापरून वापरून हलक्या होतात."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि बशी माझ्यासमोर ठेवून गेली.

मूर्ख माणसाला माहितीची हौस असली की असं होतं. ती वडी मी बशीतच ठेवली. ती डेसला सांगेल, सलोतेला सांगेल, खोलीत उभी राहून सांगेल, असं मला दिवसभर वाटत राहिलं. तिने कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी सलोते जाताना डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत होती, आणि नोएलीनने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी पुन्हा सातला मी आलो. पंधराच्या पंधरा स्विच परत बसवले. एखादा तिरपा बसला का ते बघायला टाइप करून पाहायला हवं होतं, म्हणून रिकामं पान उघडलं. काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. लिहिलं ते असं: सलोते, काल तुझ्या हातात काही बिघडलेलं नव्हतं. मी तुझे स्विच बदलले होते. नोएलीनने तुझ्यासाठी तीन आठवड्यांत जे केलं ते माझ्यासाठी नऊ वर्षांत केलं नाही, आणि मला ते सहन होत नाही. एकदा सुरू झालं ते थांबेना. सतरा ओळी झाल्या. चुका झाल्या त्या खोडल्या नाहीत.

मागे संत्र्याचा वास आला.

नोएलीन अंगात कोट तसाच ठेवून आपल्या खुर्चीत बसली होती, माझ्याकडे पाठ करून. साली ओळीने खिडकीत मांडलेल्या होत्या.

"कधी आलीस?" मी विचारलं.

"दुसऱ्या ओळीला असशील. पुसू नकोस ते."

"तुला काय माहीत मी काय लिहिलंय?"

"मला शब्द ऐकू येत नाहीत रे. पण कबुलीजबाब मी पुष्कळ ऐकलेत. त्याला खोडण्याचं बटण लागत नाही." ती उठली आणि साली डब्यात टाकून आली. "नऊ वर्षं तू माझ्यासमोर टाइप केलंच नाहीस, सेल्विन. मी आले की वाजवत बसायचास. कुणाचा हात ऐकू मी?"

मी पान तसंच उघडं ठेवून जागेवर गेलो.

सलोतेने आल्यावर कोट न काढता उभ्यानेच ते वाचलं. मग माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"माझी आई ऑफिसांची साफसफाई करायची," ती हळू आवाजात म्हणाली. "तिचे हात सांधेदुखीने गेले. आता कपसुद्धा धरवत नाही. सुरुवात डाव्यापासून झाली होती, असाच जड व्हायचा. काल मी घरी जाऊन एक तास नुसती हाताकडे बघत बसले होते."

"मला हे..."

"तुला माहीत नव्हतं. ते कळतंय मला." तिने डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "राग येतोय तुझा, पण त्याआधी इतकं हायसं वाटलंय ना, की नीट रागावताही येत नाहीये. थांब, उद्यापर्यंत जमेल."

त्या दुपारी ती नोएलीनच्या टेबलाशी बसली. मी कानात बोटं घातली नाहीत, एवढंच. ती लोण्याच्या बोटांनी त्या जड बटणांवर टाइप करत होती आणि ती बटणं तिला उत्तरं देत होती. नोएलीनने सबंध संत्रं संपवलं. बी थुंकायलासुद्धा घाई केली नाही.

नंतर नोएलीन माझ्याकडे आली. "रणगाडा सलोतेचा. पण त्याच्या वायरचं तोंड जुनं, गोल. माझ्या संगणकाला चालतं, तिच्या लॅपटॉपला लागणार नाही. मधली जोडणी करावी लागेल. ऑफिसात ते कुणाला येतं?"

"मला येतं," मी म्हणालो.

"शुक्रवारच्या चहापर्यंत हवी."

जो कीबोर्ड मला हवा होता तो मी स्वतःच्या हाताने माझ्या वैरिणीच्या संगणकाला जोडून दिला. चार तारांना डाग दिले, प्रत्येकाच्या वेळी पोटात दुखलं. काम मात्र चोख केलं. उगाच खोटं कशाला सांगू, ते चांगुलपणाने केलं नव्हतं. नोएलीनला एक तार सैल लागलेली ऐकू आली असती.

शुक्रवारी चहाला सगळे जमले. डेसने भाषण केलं, ते दोन वाक्यांत फसलं, मग त्याने नुसतं कार्ड दिलं. सलोतेने आईच्या पद्धतीचे गोड तळलेले गोळे करून आणले होते आणि ते माझ्या बशीतही वाढले, मोजून एक. नोएलीनने तिच्या हातात रणगाडा दिला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग नोएलीनने खालच्या खणातून एक चपटं खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं.

आत एक साधा काळा कीबोर्ड होता. संगणकाबरोबर फुकट येतो तो, रबराच्या बटणांचा, ज्याला माझ्यासारखी माणसं कीबोर्डसुद्धा म्हणत नाहीत. प्लास्टिक अर्धवट सोललेलं. पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर नोएलीनच्या अक्षरात 'सेल्विन', आणि खाली एक तारीख. मी कामाला लागलो तो दिवस.

"हा तुझाच," ती म्हणाली. "पहिल्या सकाळी तू दहा मिनिटं ह्याच्यावर काम केलंस. परवलीचा शब्द घातलास, आपलं नाव लिहिलंस. मी पाठमोरी होते. तेवढ्यात मला कळलं होतं की ह्या माणसाचा हात हलका आहे, ह्याला काहीच नको. मग तू तुझी पेटी उघडलीस आणि हा कपाटात टाकलास. दोनदा कपाट साफ झालं, दोनदा मी काढून ठेवला. काल सकाळी ऐकलं आणि खात्री झाली, की माझे कान तेव्हा चुकले नव्हते."

"मग दिला का नाहीस?"

"तू नको म्हणाला होतास."

लोक कसे हसले ते सांगत नाही. ज्याच्या घरी अकरा कीबोर्ड, त्याला नोएलीनने कपाटातला रबरी दिला. मी तो घेऊन जागेवर आलो, प्लास्टिक सोललं, तार खोचली. दोन ओळी लिहून पाहिल्या. बोटांना काही जाणवलंच नाही. नुसते शब्द आले.

सलोते आपल्या नव्या साईरंगी कीबोर्डवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"नऊ वर्षं सांभाळून ठेवला होता तिने?" तिने विचारलं. "तुझं नाव घालून?"

"तारखेसकट."

"माझं तीन आठवड्यांत उरकलं," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तिच्या ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता. मला ती खूण चांगली ओळखीची होती, कारण नऊ वर्षं ती माझ्याच तोंडावर होती.

भला माणूस असता तर त्याने तिची समजूत काढली असती. मी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली आणि तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने, बोटं उंच उचलत, टाइप करायला लागलो.

दाराशी नोएलीन कोटाची बटणं लावत होती. तिची पाठ आमच्याकडेच होती.

"सेल्विन," ती म्हणाली, "वाजवू नकोस."